उपकेंद्रावर पहिले सहा महिने : नव्या आरोग्य सेविकेसाठी

एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, दोन वर्षांचा कोर्स करताना तुमचा बराचसा काळ वॉर्डात गेलेला असतो. वॉर्डात पेशंट खाटेवर असतो, केसपेपर हाताशी असतो, शंका आली तर सिनियर सिस्टरला हाक मारता येते. उपकेंद्राची ऑर्डर हातात पडते आणि यातलं काहीच उरत नाही. चार-पाच गावं, दोन-तीन वाड्या, कागदावर सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्या (प्रत्यक्षात पुष्कळदा जास्तच), आणि त्या सगळ्यांची सिस्टर तुम्ही.

आलेल्या पेशंटची सेवा करायला आपल्याला शिकवलेलं असतं. उपकेंद्रावर मात्र निम्मं काम न आलेल्या माणसांचं असतं. नोंदणीला न आलेली गरोदर बाई, लसीकरणाच्या सत्राला न आणलेलं बाळ, बीपीच्या गोळ्या संपून महिना झाला तरी न फिरकलेले आजोबा. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी जे शिकले ते सगळं यांना शोधण्याभोवती आहे. रुजू होण्याआधी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी खाली क्रमानं लिहिते.

पायरी १ : चार्ज मोजून घ्या

पहिल्याच दिवशी जडवस्तू नोंदवही (टिकाऊ सामानाची यादी) समोर येते आणि सगळे घाईत असतात. सही करण्याआधी एकेक वस्तू हातात घेऊन बघा. बीपीचं मशीन चालतं का, वजनकाटा शून्यावर येतो का, बाळाचा काटा वेगळा आहे का, हिमोग्लोबिन तपासायच्या स्ट्रिप्सची मुदत कधीची आहे. माझ्या पहिल्या उपकेंद्रात मी न बघता सही केली. पंधरा दिवसांनी बीपीचं मशीन काढलं तर रबरी नळीच फाटलेली. नवीन मिळेपर्यंत दीड महिना गेला, आणि त्या दीड महिन्यात माझ्याकडे आलेल्या एकाही गरोदर बाईचा बीपी मला मोजता आला नाही. काही झालं नाही, पण ते दिवस मी विसरलेले नाही. जी वस्तू नादुरुस्त आहे तिच्यापुढे तसं लिहा, तारीख घाला आणि त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदतही याच वेळी तपासा. नूतनीकरण राहून गेलं तर ते नेमकं कामाच्या गर्दीत आठवतं.

पायरी २ : पंधरा दिवस नुसतं फिरा

पहिल्या पंधरवड्यात सत्रं सोडून उरलेला वेळ घरं फिरण्यात घाला. आशाताईला बरोबर घ्या. एका वहीत गावाचा साधा नकाशा काढा: मारुतीचं देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, आणि गावापासून तुटलेल्या वस्त्या. मळ्यातली घरं, वीटभट्टी, मेंढपाळांचे तळ, रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांच्या पालांवर विशेष खूण करा. लस चुकलेली मुलं बहुतेक इथंच सापडतात, कारण गावाच्या कुठल्याच यादीत त्यांची नावं नसतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ पसरली आणि लहान मुलं दगावली. एवढ्या मोठ्या शहरातही लस न मिळालेल्या मुलांमध्येच साथीनं पाय रोवले. आपल्या वाडीला ते होणार नाही असं समजू नका.

घरी गेल्यावर लगेच रजिस्टर उघडू नका. पाणी घ्या, ओसरीवर टेका, सासूशी बोला. मोठ्या बाईंना "मावशी" किंवा "आजी" म्हणा. लोक तुम्हाला "सिस्टर", "नर्सबाई", कुठं नुसतंच "बाई" म्हणतील. पहिल्या भेटीत काहीही मागू नका. दुसऱ्या भेटीत लोक आपणहून बोलतात.

पायरी ३ : आशाताईंशी नातं

तुमची नोकरी आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या जोरावर चालणार आहे. कोणत्या घरात सुनेला दिवस गेलेत, कोण माहेरी आलंय, कुणाच्या घरी दारूवरून भांडणं चालतात, हे त्यांना तुमच्या दहा वर्षं आधीपासून माहीत असतं. २००५ पासून आशा योजना सुरू झाली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक ताई असते आणि तिला पगाराऐवजी कामाप्रमाणे मोबदला मिळतो. म्हणून तिचा फॉर्म तुमच्या सहीसाठी आला की तो टेबलावर पडून राहू देऊ नका. तिच्या घरातल्या किराणाचा प्रश्न असतो.

आणि तिला कमी शिकलेली समजू नका. आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं तेव्हा गावातल्या निरक्षर बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांनी गावं बदलून दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती कमी झाले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला बघायला जाते (घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही), त्याचं मूळ महाराष्ट्रातल्याच या कामात आहे. तिनं "बाळ नीट ओढत नाही" असा निरोप दिला तर त्याच दिवशी जा. मी एकदा "उद्या येते" म्हटलं होतं. त्या बाळाला आम्ही वेळेत पोचवलं, पण त्यानंतर मी हे दोन शब्द कधी वापरले नाहीत.

२०१८ नंतर बऱ्याच उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले आणि पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं. त्यांच्याशी आणि आरोग्य सेवकांशी पहिल्याच आठवड्यात बसून कोण काय करणार ते ठरवून घ्या. न ठरवलेलं काम शेवटी तुमच्यावरच येतं.

पायरी ४ : लसीकरणाचा दिवस

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथल्या चुका दिसत नाहीत. गोठून खराब झालेली पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) दिली तर बाळ रडतं, आई घरी जाते, कार्डावर टिक होते आणि बाळाला मात्र संरक्षण मिळालेलं नसतं.

आदल्या दिवशी आशाताईबरोबर ड्यू लिस्ट तपासा. कोणाला काय द्यायचं आहे, हे नावानिशी हवं. सकाळी व्हॅक्सिन कॅरिअर (लसीची थंड पेटी) आला की आधी आईस पॅक बघा. चार आईस पॅक असतात आणि ते कंडिशन केलेले हवेत, म्हणजे कानाजवळ हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. दगडासारखे गोठलेले पॅक भरले तर पेंटा, हेपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) यांसारख्या लसी गोठतात आणि निकामी होतात. उन्हानं लस खराब होईल ही भीती सगळ्यांना असते, गारठ्यानं होईल हे फार कमी जणींच्या लक्षात असतं. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, दोन्ही बाजूंनी.

कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेनं रंग बदलणारी खूण, बघा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरा, रंग सारखा झाला असेल तर बाजूला ठेवा. बीसीजी (क्षयाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) लस विरघळवल्यावर कुपीवर वेळ लिहा आणि चार तासांनी किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, ती टाकून द्या. दोन बाळांसाठी एमआरची कुपी फोडायला मन धजत नाही, हे मला माहीत आहे. फोडा. परत पाठवलेलं बाळ पुढच्या महिन्यात येईलच असं नसतं. कुपीपेक्षा बाळ महत्त्वाचं.

दीड महिन्याच्या बाळाला एका दिवशी तोंडावाटे थेंब आणि तीन सुया असतात: पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची) उजव्या मांडीत, एफआयपीव्ही (पोलिओची सुई) उजव्या दंडाला. तीन सुयांची आईला धास्ती असते. तिला आधीच सांगा, बाळ तिच्याच मांडीवर ठेवा, आणि झाल्याबरोबर अंगावर पाजायला सांगा. सुईवर टोपण परत लावायचं नाही, सिरिंज सरळ हब कटरमध्ये (सुई कापायच्या यंत्रात). घाईत टोपण लावताना सुई टोचलेल्या दोन मैत्रिणी मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे तपासण्यांचे पुढचे महिनेही.

प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्याच: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढं कधी यायचं, कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. अर्धा तास थांबवून घ्या. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, व्रण पडतो, ते चांगलं लक्षण आहे. त्यावर हळद, चुना काही लावायचं नाही, हे आजीसमोर सांगा, नुसतं आईला सांगून उपयोग नाही. लसीनंतर तीव्र ॲलर्जी आली तर द्यायच्या ॲड्रेनॅलिनच्या किटची मुदत दर सत्राला बघा आणि वयाप्रमाणे मात्रेचा तक्ता पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवा. ते कदाचित आयुष्यात एकदाच लागेल, पण तेव्हा मोबाइलमध्ये शोधायला वेळ नसेल.

नकार देणाऱ्या घरी लस घेऊन जाऊ नका, नुसत्या जा. एका घरी आजी तीन महिने दार अडवून उभ्या राहत. कितीतरी दिवसांनी कळलं की त्यांच्या थोरल्या नातवाला सुईच्या जागी गळू झालं होतं आणि तेव्हा कुणीही बघायला फिरकलं नव्हतं. त्यांचा राग लसीवर नव्हता. मी ते ऐकून घेतलं, आमची चूक झाली असं म्हटलं. पुढच्या सत्राला आजी स्वतः बाळ घेऊन आल्या.

ऊसतोडीचा भाग असेल तर दसऱ्याआधी वेगळी यादी करा. टोळी निघण्यापूर्वी जे डोस बसतात ते देऊन टाका, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, मुकादमाचा नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून घ्या, आणि तिकडच्या सिस्टरला फोन करा. तिचं-माझं कार्यक्षेत्र असा वाद घालू नका.

पायरी ५ : गरोदर बाई

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, किमान चार तपासण्या, प्रत्येक वेळी वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी. हे पाठ असतं. अडचण अशी की पहिले तीन महिने आपल्याकडे कुणी सांगत नाही, नजर लागेल म्हणून. त्यामुळे आशाताईच्या कानावर पाळी चुकल्याची कुणकुण आली की गाजावाजा न करता भेटा आणि कार्ड दुसऱ्यांना दिसणार नाही असं द्या.

बीपी घाईत घेऊ नका. उन्हातून चालत आलेल्या बाईला पाच मिनिटं बसू द्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर थोड्या वेळानं पुन्हा बघा, लघवीत प्रथिनं आहेत का ते तपासा, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, हे विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर थांबू नका, वर पाठवा. आधीचं सिझर, जुळी, उंची १४० सेंटिमीटरपेक्षा कमी, अशा सगळ्या जोखमीच्या बायकांची नावं मी भिंतीवर नाही, माझ्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिते. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणी असते, तिथं त्या पोचल्या की नाही हे संध्याकाळी फोन करून विचारा.

लोहाच्या १८० गोळ्या देणं सोपं आहे, त्या पोटात जाणं अवघड. मळमळतं, शौचाला काळं होतं, बाळ काळं होईल म्हणून सासू बंद करते. रात्री जेवणानंतर घे, लिंबू पिळून खा, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, असं सांगा. पुढच्या वेळी "घेतल्यास का?" असं विचारलं की सगळ्या हो म्हणतात. "कोणत्या वेळेला घेतेस?" असं विचारा, मग खरं कळतं.

सर्वांत मोठी फट पडते ती सातव्या महिन्यात. ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाते. तुमच्या रजिस्टरातून ती गेली आणि तिकडच्या रजिस्टरात अजून आलेली नाही, नेमक्या याच आठवड्यांत बीपी वाढतो. निघण्याआधी माहेरचं गाव, तिथल्या सिस्टरचा नंबर, कुठल्या दवाखान्यात बाळंत होणार, हे लिहून घ्या. तुमच्या गावात बाळंतपणाला आलेल्या लेकीही अशाच शोधा. प्रत्येकीच्या घरात रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे दोन नंबर, रस्ता खराब असेल तर गाडी कुठपर्यंत येते, आणि मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, हे आठव्या महिन्यात ठरलेलं असलं पाहिजे. कळा सुरू झाल्यावर ठरत नाही.

अठराच्या आतली मुलगी गरोदर म्हणून समोर आली तर एकटीनं काही ठरवू नका. कळवण्याची कायदेशीर जबाबदारी असते, ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच सांगून पार पाडायची. पण तिची तपासणी आणि गोळ्या एक दिवसही थांबता कामा नयेत, आणि तिच्याशी बोलताना आवाज चढता कामा नये. ती घाबरून लपली तर धोका तिलाच आहे.

पायरी ६ : उरलेलं रोजचं काम

तिशीपुढच्या सगळ्यांचा बीपी, शुगर, तोंडाची आणि स्तनांची तपासणी, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी, जुलाबाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक. तंबाखू-मिश्री लावणाऱ्या बायकांच्या तोंडातला पांढरा चट्टा उजेडात बघा. "सुई मारा ना सिस्टर" हा हट्ट रोज ऐकावा लागेल. नको म्हणताना पाठ फिरवू नका, बसवून बीपी मोजा, दोन मिनिटं बोला. बऱ्याच जणांना तेच हवं असतं. साप चावला तर बांधू नका, कापू नका, अवयव हलू न देता प्रतिविष जिथं आहे तिथं सरळ पाठवा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते आहे हे पावसाळ्याआधी फोन करून विचारून ठेवा.

पायरी ७ : नोंदी

हे ओझं खरं आहे आणि ते अन्यायाचंही आहे. आरसीएच (माता-बाल आरोग्याचं) रजिस्टर, पोर्टल, लसीकरणाचं यू-विन, एनसीडीचं (बीपी-शुगरसारख्या आजारांचं) ॲप, औषधसाठ्याचं ई-औषधी, मासिक अहवाल, त्यात अचानक "आज संध्याकाळपर्यंत" मागवलेली माहिती. एकच नाव चार ठिकाणी भरावं लागतं आणि वस्तीवर रेंज नसते. मी एवढंच करते: पेशंट समोर असतानाच कागदावर लिहायचं, आणि ऑनलाइनचं काम आठवड्यातल्या दोन ठरलेल्या दुपारी.

न मोजलेला आकडा कधीही लिहू नका. एका ठिकाणी चार्ज घेतला तेव्हा रजिस्टरात ओळीनं सगळ्यांचा बीपी ११०/७० होता. त्यातल्या तिघींना मी पुन्हा मोजलं, एकीचा १५०/१०० निघाला. मशीन बंद असेल तर "मशीन बंद" लिहा. त्यासाठी बोलणी बसली तर बसू द्या.

पायरी ८ : स्वतःला सांभाळा

मुख्यालयी राहायचा नियम आहे, आणि क्वार्टरचं दार तुटलेलं, पाणी नाही, अशीही स्थिती असते. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायत आणि तालुका आरोग्य अधिकारी, दोघांना अर्ज द्या, पोच घ्या. रात्री घरी बोलावलं तर एकटीनं जाऊ नका, आशाताई किंवा त्या घरातली बाई बरोबर हवी. गाडीवर निघण्यापूर्वी कुठे जाताय ते एकाला सांगा. माझी एक सहकारी पावसात ओढा ओलांडताना वाहून जाता जाता वाचली. त्या दिवशीचं सत्र दुसऱ्या दिवशी घेता आलं असतं.

कंत्राटी असाल तर अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर नियमित सिस्टरइतकंच काम कमी पगारात करावं लागतं. ते मनाला लागतं आणि लागायलाच हवं. संघटनेच्या बैठकांना जा. पगार, रजा, ऑर्डर यांच्या प्रती स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. महिन्यातून एकदा तालुक्याच्या मीटिंगनंतर चार जणी मिळून चहा घ्या. वर्षभर एकटीनं मृत्यू पाहिलेली बाई आतून दगडासारखी होते, आणि त्या बोलण्यानं ती पुन्हा माणसात येते.

समाधान कधी मिळतं, असं नव्या मुली विचारतात. ते उशिरा मिळतं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मला माझ्या थंडीतल्या कितीतरी रविवारच्या बूथ आठवल्या. गेल्या वर्षी एक मुलगी नोंदणीला आली. नाव विचारलं, आईचं नाव विचारलं आणि लक्षात आलं, नवव्या महिन्याला गोवराची लस मीच दिली होती तिला. तिच्या आईनं ते पिवळं पडलेलं कार्ड अजून ट्रंकेत ठेवलं होतं. त्यावरची सही माझी होती.

बदली झाली तर

तीन-पाच वर्षांनी बदली होईल. चार्ज देताना जडवस्तू आणि रजिस्टरं मोजून द्याच, पण त्याबरोबर एक साधा कागदही द्या. त्यावर येत्या दोन महिन्यांत बाळंत होणाऱ्यांची नावं, जोखमीच्या बायका, अर्धवट लसीची मुलं, गोळ्या सोडून देणारे बीपी-क्षयाचे पेशंट, आणि ज्या घरी अजून दार उघडत नाहीत ती घरं. प्रत्येकापुढे वस्ती आणि फोन. नव्या सिस्टरला बरोबर घेऊन त्यातल्या निदान चार-पाच घरी स्वतः जाऊन या, आणि तिची ओळख करून द्या.